मुसलमान शेजाऱ्यांशी आपल्या श्रद्धेविषयी बोलताना : वाचकांचे प्रश्न

शेजारी, वर्गात किंवा कामाच्या ठिकाणी असलेल्या मुसलमान बांधवांशी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलावे का, आणि बोलायचे तर कसे, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांतील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही नालासोपाऱ्यात राहतो. शेजारच्या मुस्लिम कुटुंबाशी मुले लहान असल्यापासूनचा घरोबा आहे. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, नाताळला आमच्याकडून फराळ जातो. यंदा गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी भाभींनी सहज विचारले, "उद्या तुमचा उपास असतो, दुपारभर चर्चमध्ये असता, ते नेमके कशासाठी?" मी एका वाक्यात उत्तर दिले आणि विषय बदलला, कारण धर्म मध्ये आला तर इतक्या वर्षांचे संबंध बिघडतील असे वाटले. यापुढे असा प्रश्न आला तर किती सांगावे?

उत्तर : शीरखुर्मा येतो तो महिनाभराचे रोजे पूर्ण झाल्यावर, आणि तुमचा फराळ जातो तो ख्रिस्तजन्माच्या सणाला. म्हणजे तुमच्या दोन घरांमध्ये धर्माची ये-जा पहिल्यापासून चालू आहे, फक्त त्याविषयी कोणी बोललेले नाही. ज्या शेजारणीने वर्षानुवर्षे पाहून शेवटी विचारले, तिला नीट उत्तर मिळायला हवे. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, मात्र ते सौम्यतेने द्या, असे सांगितले आहे. या वचनाचा पहिला भाग आपल्याकडे जितक्या वेळा ऐकवला जातो तितक्या वेळा दुसरा ऐकवला जात नाही, हे मला नेहमी खटकते.

चार-पाच वाक्ये पुरेशी आहेत. येशू निर्दोष असताना त्याला क्रुसावर खिळले, त्याने मारणाऱ्यांनाही क्षमा केली, त्याचे मरण आमच्या पापांसाठी होते असे आम्ही मानतो, तिसऱ्या दिवशी तो उठला म्हणून रविवारी आमचा सण असतो. आणि या सगळ्याचा मला स्वतःला, माझ्या घरातल्या आजारपणात किंवा अडचणीत, काय आधार वाटला. शेवटचे वाक्य तुमचे स्वतःचे असावे, कारण तेवढे एकच भाभींना कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

यावर भाभी बहुधा म्हणतील, "पण आमच्यात तर ईसा अलैहिस्सलाम यांना सुळावर दिलेच नाही." कुराणाच्या चौथ्या सुरेतील (अध्यायातील) १५७ व्या आयतीत (वचनात) त्यांना ठार केले नाही आणि क्रुसावरही चढवले नाही, तसा केवळ आभास झाला, असे सांगितले आहे, आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले असे पुढच्याच आयतीत म्हटले आहे. हा नकार ऐकला की आपल्या माणसांना येशूचा अपमान झाल्यासारखे वाटते आणि आवाज चढतो. वास्तविक त्यामागे आदर असतो. अल्लाह आपल्या थोर पैगंबराला शत्रूच्या हातून इतके लाजिरवाणे मरण येऊ देणार नाही, असे श्रद्धाळू मुसलमानाला वाटते. हा आक्षेप सर्वांत आधी घेतला तो पेत्रानेच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू आपल्या दुःखसहनाविषयी बोलू लागतो तेव्हा पेत्र त्याला बाजूला घेऊन, तुमच्या बाबतीत असे कधीच होणार नाही, असे निषेधाच्या सुरात सांगतो. तेव्हा भाभींना "तुमचे चुकते" असे म्हणण्याऐवजी "आमच्या पेत्रालाही आधी असेच वाटले होते" असे म्हणता येईल. त्यानंतर पेत्राचे मत कशाने बदलले हे त्यांनी विचारले तर सांगावे, न विचारले तर चहा घ्यावा.

इटलीतील संत असिसीचा फ्रान्सिस १२१९ मध्ये, पाचवे क्रूसयुद्ध चालू असताना, इजिप्तमधील दमिएत्ता येथे सुलतान अल-कामिल याला भेटायला गेला आणि सुखरूप परत आला. त्यानंतर १२२१ च्या सुमारास तयार झालेल्या त्याच्या संघाच्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना राहण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. पहिला मार्ग म्हणजे वादविवाद करू नये, देवासाठी सर्वांच्या अधीन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नये. दुसरा म्हणजे देवाची तशी इच्छा आहे असे दिसेल तेव्हा वचनाची घोषणा करावी. युद्धाच्या धामधुमीत एका फकिराला हा क्रम सुचला, ही मला विलक्षण गोष्ट वाटते. तुम्ही आजवर पहिल्या मार्गाने चालत आला आहात. प्रश्न भाभींनीच विचारल्यामुळे दुसऱ्या मार्गाचे दारही त्यांनीच उघडले आहे. मात्र कधीतरी धर्मांतर होईल या हिशेबाने घरोबा ठेवू नये. तो हिशेब शेजाऱ्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतो, आणि उद्या भाभींनी "मला यात रस नाही" असे सांगितले तरी फराळाचे ताट गेलेच पाहिजे.

ताटाचा विषय निघालाच आहे, तर एक व्यवहाराची गोष्ट. केकमध्ये रममध्ये भिजवलेला सुका मेवा असेल तर तो पाठवू नये, आणि ज्या कढईत डुकराचे मटण शिजते तिच्यात तळलेल्या करंज्या व कुलकुल तर मुळीच पाठवू नयेत. त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात, नव्या तेलात तळून तसे सांगून द्यावे. ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू व ख्रिस्ती लोकांचे, अन्न मुसलमानांना वैध आहे असे कुराणाच्या पाचव्या सुरेत म्हटले आहे खरे, पण त्यांच्या घरात काय चालते हे त्यांनी ठरवायचे असते. आपण आयत दाखवून आग्रह करू नये. खाण्याच्या बाबतीत आपण विश्वासू आहोत हे ज्यांनी अनुभवले आहे, ते आपले इतर बोलणेही विश्वासाने ऐकतात.

प्रश्न : मी पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. माझा एक मुस्लिम सहकारी अतिशय सज्जन आहे, पण "तुमचे बायबल बदलले गेले आहे" असे सांगणाऱ्या चित्रफिती तो मला नियमित पाठवतो. उत्तरादाखल मीही तशाच चित्रफिती शोधून पाठवू लागलो आहे. आपल्या तरुणांना या वादविवादाचे पद्धतशीर प्रशिक्षण द्यायला नको का?

उत्तर : प्रशिक्षण हवे, पण ते आपला ग्रंथ आणि आपला इतिहास जाणून घेण्याचे असावे. वादविवादाचा मार्ग आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर चोखाळून झाला आहे. १८५४ च्या एप्रिल महिन्यात, १० आणि ११ तारखेला, आग्रा येथे जर्मन मिशनरी कार्ल गॉटलीब फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात जाहीर वाद झाला. फांडर यांना फारसी उत्तम येत होते, आणि इस्लामच्या खंडनासाठी त्यांनी लिहिलेला ग्रंथ उत्तर हिंदुस्थानात बराच गाजलेला होता. मौलानांच्या बाजूला डॉ. वजीर खान होते. त्यांनी युरोपमधील बायबल-संशोधकांचे ताजे ग्रंथ मिळवून वाचलेले होते, आणि युरोपातच चाललेली ही चिकित्सा आग्ऱ्याच्या सभेत आपल्यासमोर मांडली जाईल याची फांडर यांना कल्पना नव्हती. बायबलच्या हस्तलिखितांत काही ठिकाणी पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींत मजकुराचे फरक, आहेत हे त्यांना भर सभेत मान्य करावे लागले. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचे देवत्व, मुहंमद पैगंबरांचे प्रेषितत्व हे पुढचे विषय ठरलेले होते, पण दोन दिवसांत गाडी बायबलच्या पुढे गेलीच नाही. दोन्ही पक्षांनी नंतर आपापला विजय छापून प्रसिद्ध केला. मौलाना रहमतुल्लाह १८५७ नंतर मक्केला गेले, आणि त्यांनी या विषयावर अरबीत लिहिलेल्या ग्रंथातील मुद्दे आजही अशा चित्रफितींत फिरत असतात. तुमचा सहकारी तुम्हाला पाठवतो ते बहुतांशी तेच आहे.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. मुसलमान पक्षाकडून त्या वादात रस घेणारे मौलवी इमादुद्दीन पुढे १८६६ मध्ये अमृतसर येथे ख्रिस्ती झाले. पण त्याच आग्ऱ्यात, या वादाच्या चाळीस वर्षे आधी, शेख सालेह म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचे अब्दुल मसीह गोरगरिबांना विनामूल्य औषधे देत आणि येणाऱ्यांशी घरगुती भाषेत बोलत असत. ते स्वतः मुस्लिम घरात वाढलेले होते आणि कानपूरला इंग्रज धर्मोपदेशक हेन्री मार्टिन यांचे प्रवचन ऐकून त्यांना प्रथम ओढ वाटली होती. या दोन आग्ऱ्यांपैकी मला अब्दुल मसीह यांचे आग्रा अधिक जवळचे वाटते.

आता मूळ मुद्दा. पाठभेद आहेत, असे सरळ मान्य करावे. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट आणि योहानाच्या आठव्या अध्यायातील व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग अनेक आवृत्त्यांत कंसात किंवा तळटीपेसह छापतात, ते याच कारणाने; म्हणजे आपल्याच मंडळीने ते उघड छापले आहे. त्याचबरोबर सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखली जाणारी चौथ्या शतकातील ग्रीक हस्तलिखिते आजही उपलब्ध आहेत आणि मुहंमद पैगंबरांचा काळ सहाव्या-सातव्या शतकाचा आहे. तेव्हा पैगंबरांच्या काळातील ख्रिस्ती लोकांच्या हाती असलेले शुभवर्तमान आणि आपल्या हातातले शुभवर्तमान एकच आहे, एवढे खात्रीने सांगता येते. त्यात लिहिलेले सत्य आहे, हे मात्र हस्तलिखिते सिद्ध करत नाहीत. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती तशीच सांगावी. बदल शब्दांत झाला की अर्थ लावण्यात झाला, यावर मुस्लिम विद्वानांतही पूर्वापार मतभेद आहेत. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ मध्ये बायबलवरील आपले भाष्य छापायला सुरुवात केली, तेव्हा दोष प्रामुख्याने अर्थ लावणाऱ्यांकडे जातो अशीच त्यांची भूमिका होती. सहकाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याला त्यात रस वाटेल.

चित्रफितींची देवाणघेवाण मात्र आजच थांबवा. त्या पाहून कोणी कोणाला ओळखू लागत नाही. "हे सगळे बाजूला ठेवू, मार्काचे शुभवर्तमान लहान आहे, ते तू वाच, तू सांगशील ती सुरा मी वाचतो, मग जेवणाच्या सुट्टीत बोलू," असे त्याला सुचवून पाहा. ग्रंथधारकांशी वाद घालायचा तर तो उत्तम रीतीनेच घाला, अशी कुराणाच्या एकोणतिसाव्या सुरेतही आज्ञा आहे, त्यामुळे तो नाही म्हणणार नाही असे वाटते. त्याच्यासाठी आणाल ती प्रत कोरी असावी. आपल्याला आपले बायबल खुणा करून, ओळी अधोरेखित करून वापरण्याची आणि उपासनेत खुर्चीखाली जमिनीवर ठेवण्याची सवय आहे. जो माणूस कुराण कापडात गुंडाळून घरातल्या सर्वांत उंच फळीवर ठेवतो, त्याला हे पाहून धक्का बसतो, आणि ज्या ग्रंथाला तुम्हीच मान देत नाही तो मी का वाचावा, असे त्याच्या मनात येते.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरात माझे गॅरेज आहे. माझा भागीदार मुसलमान आहे. "तुम्ही तीन देव मानता आणि देवाला बायको-मुलगा आहे असे म्हणता," असे तो गमतीत म्हणतो. कुराणातच येशूला 'कलिमा' म्हणजे देवाचा शब्द म्हटले आहे, हे दाखवून त्याला गप्प करता येईल का?

उत्तर : करू नका. कुराणात येशूला कलिमा म्हटले आहे, मरियमेच्या कौमार्याची साक्ष आहे आणि तिच्या नावाची एक संपूर्ण सुरा आहे, हे सर्व खरे आहे. पण त्या शब्दाचा अर्थ मुस्लिम परंपरा योहानाच्या पहिल्या अध्यायासारखा, म्हणजे शब्द हाच देव असा, लावत नाही. त्यांच्या ग्रंथातील एक शब्द उचलून त्यातून आपला सिद्धांत काढणे कितपत न्याय्य आहे, हे ताडायचे असेल तर उलट बाजू पाहावी. योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशूने ज्या कैवाऱ्याचे वचन दिले तो मुहंमद पैगंबरच, असे अनेक मुस्लिम लेखक सांगतात, आणि ते वाचून आपल्याला कसे वाटते हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याऐवजी त्याच्याशी जिथे एकमत आहे तिथून सुरुवात करा. देवाला पत्नी नाही, देवाने शरीरसंबंधातून कोणाला जन्म दिला नाही, मरियम ही देव नाही आणि देव एकच आहे, या चारही गोष्टी कोणताही ख्रिस्ती मनुष्य निःशंकपणे मान्य करतो. "तू ज्याला नाकारतोस त्याला मीही नाकारतो," हे ऐकून भागीदाराला आश्चर्य वाटेल. मग येशूला पुत्र म्हणताना आम्ही काय म्हणतो, तर देवाला पाहायचे असेल तर आम्ही येशूकडे पाहतो, आणि देव दूर राहून आज्ञा देणारा नसून आमच्यात येऊन राहिला, असा आमचा विश्वास आहे. यापुढचे त्रैक्याचे विवरण गॅरेजमध्ये गाडीखाली झोपून होण्यासारखे नाही. तीन पानी त्रिदलाची किंवा पाणी-बर्फ-वाफेची उदाहरणे तर देऊच नयेत, ती ऐकून गोंधळच वाढतो.

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत मी शिक्षिका आहे. नाताळच्या नाटुकलीनंतर सातवीतील दोन मुस्लिम मुलींनी येशूविषयी बरेच प्रश्न विचारले. त्यांना नवा करार वाचायला द्यावा का?

उत्तर : नाही. मुलींनी वर्गात विचारले तर वर्गातच, सर्वांसमोर, ख्रिस्ती लोक काय मानतात ते सांगावे. ते शिक्षिकेचे कामच आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात, आईवडिलांना न सांगता, धर्मग्रंथ ठेवणे योग्य नाही. तुम्ही तिचे गुण देता, तिला रागावता, तिचे कौतुक करता. तुमच्या शब्दाला नकार देणे तिला शक्य नसते. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानेही शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करायचे तर संमती, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांची संमती, आवश्यक ठरवली आहे. आपली मुलगी दुसऱ्या धर्माच्या शाळेत शिकत असती तर आपण हेच मागितले असते.

प्रश्न : मी परिचारिका आहे. मुस्लिम रुग्णांचे नातेवाईक कधी कधी स्वतःहून म्हणतात, "सिस्टर, आमच्यासाठीही दुआ करा." मी येशूच्या नावाने प्रार्थना केली तर तो गुन्हा ठरेल का? एकूणच आपल्याला श्रद्धेविषयी बोलण्याची कायद्याने किती मुभा आहे?

उत्तर : कोणी मागितलेली प्रार्थना हा गुन्हा नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. बळजबरीने किंवा फसवून होणारे धर्मांतर रोखणारा ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशाचा १९६८ चा कायदा न्यायालयापुढे आला, तेव्हा १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. मुंबईचे ख्यातनाम घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी या निकालावर कडक टीका केली होती, पण निकाल आजही कायम आहे. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापले कायदे केले आणि ते बदलतही असतात. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात भेटवस्तू, नोकरी, मोफत शिक्षण, इतकेच नव्हे तर दैवी कोपाची भीती यांचाही प्रलोभनात समावेश केला आहे. शिवाय कोणाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ व ३०२ खाली गुन्हा आहे. आपल्या श्रद्धेविषयी सांगणे आणि दुसऱ्याच्या पैगंबरांविषयी वेडेवाकडे बोलणे यांत फरक आहे, आणि दुसरी गोष्ट कायदा नसता तरी ख्रिस्ती माणसाने करायची नव्हती.

पण तुमच्या बाबतीत कायद्यापेक्षा रुग्णाच्या स्थितीचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. पलंगावर पडलेला माणूस दुबळा असतो आणि सुई तुमच्या हातात असते. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी २८ जून २०११ रोजी बहुधर्मीय जगातील ख्रिस्ती साक्षीविषयी जी आचारसूत्रे एकत्रितपणे प्रसिद्ध केली, त्यांत आरोग्यसेवा करताना लोकांच्या असहायतेचा गैरफायदा घेतला जाऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. एरवी एकमेकांशी फारसे न जुळणाऱ्या या तीन संस्थांचे यावर एकमत झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेव्हा रुग्णालयाच्या नियमात बसत असेल तर, नातेवाइकांसमोर, सर्वांना ऐकू येईल अशी दोन-तीन वाक्यांची प्रार्थना करावी आणि "मी ख्रिस्ती आहे, मी येशूच्या नावाने प्रार्थना करते, चालेल ना?" असे आधी विचारावे. बरे होण्याचे आश्वासन देऊ नये. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर पत्रिका ठेवू नये. आणि कोणी न मागता प्रार्थना करायची असेल तर ती घरी करावी, ती तिथूनही ऐकली जाते.

प्रश्न : मी मूळचा वसईचा, दुबईत नोकरी करतो. येथे आमचे मोठे चर्च आहे. स्थानिक अरब सहकाऱ्यांना शुभवर्तमान देता येईल का?

उत्तर : देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ख्रिस्ती लोकांना ठरवून दिलेल्या जागी उपासना करता येते. पोप फ्रान्सिस आणि कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ४ फेब्रुवारी २०१९ रोजी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या त्याही अबू धाबीतच. तथापि मुसलमानांमध्ये अन्य धर्माचा प्रसार करण्यास तेथे मनाई आहे, आणि ती तुम्ही मोडली तर तुमच्याबरोबर तुमच्या खोलीतले सोबती आणि धर्मग्रामही अडचणीत येतात. कोणी विचारले तर आपण ख्रिस्ती आहोत, रविवारी कुठे जातो आणि का, हे मोकळेपणाने सांगावे. पुस्तक, पत्रिका, आमंत्रण यांच्या वाटेला जाऊ नये. सौदी अरेबियात तर याहून पुष्कळ अधिक सांभाळावे लागते.

प्रश्न : आमच्या मंडळीत एक मुस्लिम तरुण काही महिन्यांपासून उपासनेला येतो आणि आता बाप्तिस्मा मागतो. मंडळीतील काही जण लगेच देऊन टाका म्हणतात, काही जण भीतीने त्याला येऊच देऊ नका म्हणतात. — एक पाळक

उत्तर : दोन्ही सूचना त्या तरुणाचा विचार न करता केलेल्या आहेत. तो सज्ञान असेल आणि स्वतःच्या इच्छेने येत असेल, तर त्याच्या तोंडावर दार लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. वर उल्लेखलेल्या २०११ च्या आचारसूत्रांत धर्म बदलणे हा निर्णायक टप्पा असून त्यासाठी विचाराला व तयारीला पुरेसा अवधी आणि पूर्ण व्यक्तिस्वातंत्र्य असले पाहिजे, असे म्हटले आहे. वर्षभराची शिकवण ठेवा. तो कशामुळे आला हे ऐका. नोकरी, लग्न किंवा घरातले भांडण हे कारण असेल तर तसे प्रेमाने त्याच्या लक्षात आणून द्या. वारसा आणि विवाह यांवर काय परिणाम होतील, राज्यात कोणती प्रक्रिया आवश्यक आहे, हे त्याने वकिलाकडून समजून घ्यावे. मध्येच त्याचे मन बदलले तर त्याला सन्मानाने परत जाता आले पाहिजे, हे पहिल्याच दिवशी सांगा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला घरापासून तोडू नका. आईच्या हातचे जेवण, बहिणीचे लग्न, मामाच्या मयतीला खांदा, यांतले काहीही सोडायला लावण्याची गरज नाही. घरच्यांना तो स्वतः, त्याला योग्य वाटेल त्या वेळी सांगेल. आणि त्याला व्यासपीठावर उभे करून अनुभवकथन करायला लावणे, त्याचे छायाचित्र मंडळीच्या पत्रकात छापणे किंवा समूहावर फिरवणे हे कटाक्षाने टाळा. आपल्या उत्साहाची किंमत त्याला मोहल्ल्यात मोजावी लागते.

प्रश्न : माझ्या मित्राने मला कुराणाचा मराठी अनुवाद भेट दिला आणि "तू मुसलमान व्हावेस असे मला मनापासून वाटते" असे सांगितले. घरचे चिडले आहेत. रमजानमध्ये त्याने इफ्तारलाही बोलावले आहे. जावे का?

उत्तर : अवश्य जावे. घरच्यांना विचारा, की आपल्या मित्राने ख्रिस्ताला ओळखावे असे आपल्याला वाटते तेव्हा आपण त्याला प्रेम म्हणतो, मग त्याला तसेच वाटले तर त्याला काय म्हणायचे? दावत देणे, म्हणजे आपल्या श्रद्धेकडे बोलावणे, हे त्याच्या धर्मात कर्तव्य आहे आणि त्याने ते उघडपणे, तोंडावर केले आहे. आपल्याला बोलण्याचा हक्क हवा असेल तर ऐकून घेण्याची तयारीही हवी.

पुस्तक कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा आणि वाचा. सुरुवात एकोणिसाव्या सुरेपासून, म्हणजे सुरे मरियमपासून केलीत तर जखऱ्या, बाप्तिस्मा देणारा योहान आणि मरियम ही ओळखीची माणसे भेटतील. बारावी सुरा तर संपूर्ण याकोबाचा मुलगा योसेफ याची कथा आहे. काय आवडले आणि कुठे आपली वाट वेगळी होते, हे दोन्ही त्याला सांगा. इफ्तारला सूर्यास्ताच्या थोडे आधी पोहोचा, खजुराने रोजा सोडण्याची वाट सर्वांबरोबर पाहा, ते नमाजाला उठतील तेव्हा एका बाजूला शांत बसा. मोबाइलवर चित्रण करू नका. आणि जेवण झाल्यावर त्याने "मग काय ठरवलेस?" असे विचारले, तर विषय न टाळता "मी ख्रिस्तालाच धरून राहणार आहे, का ते ऐकायचे असेल तर सांगतो," असे स्पष्ट सांगा. तो ऐकायला बसला तर बोला. त्याला तरावीहच्या, म्हणजे रमजानमधील रात्रीच्या, नमाजाला जायची घाई असेल तर जाऊ द्या आणि पुढच्या आठवड्यात त्याला तुमच्या घरी जेवायला बोलवा.